२०२१ सालची इटालियन रेड वाइन मुलीच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत टिकेल का?

वाइन टिकेल. तुमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मात्र टिकणार नाही.

खरं तर उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही लिहिलंय की मुलगी २०२१ची, त्याच सालची बाटली घेऊन ती २०४६ मध्ये तिच्यासोबत उघडायची आहे, आणि दुकानदार म्हणतो ‘जितकी जुनी तितकी भारी’. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी आठ वर्षं इटलीतल्या तोरिनोत (ट्युरिन) नोकरी करतोय. बारोलो गाव इथून गाडीने तासा-सव्वा तासावर आहे, आणि पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं हे आमच्या घरात माझंच काम.

दुकानदाराचं ते वाक्य आधी विसरा. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनते. ठेवली तर ती मुरत नाही, नुसती म्हातारी होते. पंचवीस वर्षं मुरायची ताकद फार थोड्या वाइनमध्ये असते. त्यांतली मला जवळून माहीत असलेली म्हणजे त्या बारोलो गावाच्याच नावाची वाइन, म्हणून तिच्याबद्दलच बोलतो.

बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची. हे द्राक्ष उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकतं. तेव्हा बारोलोच्या आसपासच्या लांगे भागातल्या टेकड्यांवर सकाळी धुकं असतं आणि इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. नाव त्यावरूनच पडलं, असं बरेच जण मानतात. वाइनचा रंग इतका फिका की ग्लासच्या पलीकडची बोटं दिसतात, त्यामुळे नवखा माणूस फसतो. पहिला घोट घेतला की कात जास्त पडलेलं पान खाल्ल्यासारखं तोंड आवळतं. तो तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. वर आंबटपणाही भरपूर. तरुणपणी ही वाइन मला आवडत नाही, उगाच खोटं कशाला बोलू!

पण हेच दोन दुर्गुण पुढे कामाला येतात. आंबटपणा वाइनला ताजं ठेवतो. टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांतले काही गाळ होऊन तळाशी बसतात, त्यामुळे तुरटपणा मऊ होतो. लोणचं मुरल्यावर मीठ, आंबट, तिखट सगळं असतंच, फक्त वेगवेगळं लागत नाही. तसंच हे. कायद्यानेसुद्धा बारोलोला ३८ महिने थांबावंच लागतं, त्यांतले १८ लाकडात. म्हणून २०२१ची बाटली बाजारात आली ती २०२५ मध्ये.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांनी त्यांची १९९६ची एक उघडली. बूच अर्ध्यात तुटलं, उरलेलं आत पडलं, मग चहाच्या गाळणीतून ओतली. कडेला विटेसारखी नारिंगी झाक. वास घेतला आणि मला सरळ आजीची गुलकंदाची बरणी आठवली. त्यामागे उन्हात तापलेल्या डांबराचा वास. इथले लोक बारोलोचं वर्णन ‘गुलाब आणि डांबर’ असंच करतात, तोवर मला ती पुस्तकी बडबड वाटायची.

आता घराण्याबद्दल, कारण तुम्ही ‘कुटुंबाने चालवलेली’ हवी असं मुद्दाम लिहिलंय. माझ्या मते पहिलं नाव बार्तोलो मास्कारेल्लो. १९१८ मध्ये जुलिओ मास्कारेल्लोंनी सुरू केलं, मग त्यांचा मुलगा बार्तोलो, आणि आता नात मारिया तेरेसा. जमीन सगळी मिळून सुमारे पाच हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने बारा एकर. १९८०-९०च्या दशकांत तिथे मोठी भांडणं झाली. बाकीचे छोट्या, नव्या फ्रेंच पिंपांत वाइन घालून ती लवकर पिण्याजोगी करू लागले आणि प्रत्येक मळ्याची वेगळी बाटली काढू लागले. बार्तोलो हटले नाहीत. कान्नुबी, सान लोरेन्झो, रुए आणि शेजारच्या ला मोर्रा गावातलं रोक्के, चारही मळ्यांची द्राक्षं एकत्रच. सिमेंटच्या टाक्यांत साली महिना-दीड महिना रसात, नंतर जुनी, भली मोठी लाकडी पिंपं. म्हातारपणी व्हीलचेअरवर बसून ते स्वतःच्या हाताने लेबलं रंगवायचे. त्यांतलं एक गाजलं: ‘नो बारीक, नो बेर्लुस्कोनी’. बारीक म्हणजे ते छोटं पिंप. बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे माजी पंतप्रधान. २००५ मध्ये बार्तोलो गेले, मुलीने पद्धत बदलली नाही.

ही बाटली मिळणं मात्र नशिबाचा भाग, आणि मिळाली तर खिसा सांभाळा. तितका हट्ट नसेल तर सेर्रालुंगा दाल्बा गावची मासोलीनो घराण्याची बघा. तेही १८९६ पासून पिढीजात. त्या बाजूच्या जमिनीतली बारोलो जास्त कडक असते आणि साधारणपणे जास्त टिकते, म्हणजे तुमच्या कामाची. साल म्हणाल तर मुलीने निवडून जन्म घेतलाय, २०२१ चांगलंच मानलं जातं.

साठवणुकीचं आता ऐका, कारण मी स्वतः माती खाल्लीय. चांगल्या दोन बाटल्या बाबांकडे नेल्या आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवल्या, ‘अंधार आहे ना’ म्हणून. दोन मे महिने गेले. काढल्या तेव्हा एकीचं बूच वर आलेलं, लेबलवर ओघळ, आणि चव शिजवलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी. बारोलोला १२ ते १४ अंश लागतं, तेही बारा महिने सारखं, आणि बाटली आडवी. घरचा फ्रीज एवढ्या वर्षांसाठी चालत नाही, त्यात बूच सुकतं. वाइनचा वेगळा फ्रीज घ्या आणि त्याला इन्व्हर्टर जोडा. नाहीतर युरोपात कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या तळघरात ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

आणि एक नको, दोन घ्या. विमानाने येताना ड्यूटी-फ्रीच्या दोन लिटरांत ७५० मिलीच्या दोन बसतात. एक २०३६च्या आसपास उघडून बघा, म्हणजे दुसरीची तब्येत कळेल.

वाढदिवसाला बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. शेवटची दोन बोटं वाइन तळाशी राहू द्या. आणि त्या दिवशी तांबडा रस्सा करू नका. मी केला होता. तिखटाने टॅनिन असं काही उसळतं की दोन्हींची चव जाते. मंद आचेवर शिजवलेलं कमी तिखटाचं मटण करा, रस्सा दुसऱ्या दिवशी.