एपी कॅल्क्युलस बीसी की कम्युनिटी कॉलेज?

ताई, तुमची मुलगी दहावीत प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसच्या आधीचं गणित) संपवतेय. पुढच्या वर्षी शाळेतच एपी कॅल्क्युलस बीसी घ्यावं (एपी म्हणजे शाळेत शिकवला जाणारा कॉलेज पातळीचा कोर्स, आणि बीसीत कॅल्क्युलस १ व २ दोन्ही येतात), की कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस १ आणि २ करावं, आणि कुठलं क्रेडिट, म्हणजे पुढे विद्यापीठाने तो कोर्स झाला असं धरणं, जास्त पक्कं, असं तुम्ही विचारलंय. आम्हीही कॅलिफोर्नियातच आहोत. आमच्या मुलाने कॉलेजची वाट धरली, मुलीने एपीची. त्यावरून माझं मत ठाम झालंय: पहिलं कॅल्क्युलस शाळेत, त्यापुढचं गणित कॉलेजात.

पैशांचा विचार बहुतेक सगळे आधी करतात, पण तो इथे फार मोठा नाही. एपीच्या परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास लागतात. कम्युनिटी कॉलेजात शाळकरी मुलांची फी सहसा माफ असते (एका सत्रात ११ युनिटपर्यंत; युनिट म्हणजे कोर्सच्या भाराचं माप), फक्त पुस्तकांचा खर्च उरतो. शाळेतल्या कौन्सेलरची सही लागते, आणि नोंदणीत या मुलांचा नंबर शेवटी लागतो, त्यामुळे संध्याकाळची सोयीची बॅच हातची जाते.

खरा फरक आहे तो ग्रेडचा. एपीत मे महिन्यातली एक परीक्षा, तिचा १ ते ५ मध्ये स्कोअर. नाही चांगला आला तर तो कॉलेजला कळवायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी आपल्या हातात असतं. कॉलेजातली ग्रेड मात्र कायमची. आमच्या मुलाने दहावीनंतरच्या सुट्टीत सहा आठवड्यांत कॅल्क्युलस १ उरकलं आणि लगेच कॅल्क्युलस २ घेतलं. अनंत श्रेणींच्या धड्याला तो कोलमडला. कोर्स सोडायची तारीख उलटून गेल्यावर आम्हाला ते कळलं. मी प्राध्यापकांना ईमेल केली, तर त्यांनी अगदी सभ्यपणे कळवलं की मुलाच्या लेखी परवानगीशिवाय ते माझ्याशी बोलू शकत नाहीत. फेडरल कायदाच तसा आहे: मूल सोळा वर्षांचं असलं तरी कॉलेजात गेलं की तिथल्या नोंदींवर हक्क त्याचा, आईवडिलांचा नाही. शेवटी सी ग्रेड मिळाली. पुढे त्याने मेडिकलला अर्ज करायचं ठरवलं तेव्हा तो सी पुन्हा समोर आला, कारण त्या अर्जात शाळेत असताना केलेले कॉलेजचे कोर्सही भरावे लागतात. सोळाव्या वर्षीची एक घाई इतकी वर्षं त्याच्या पाठीशी राहिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपली एक समजूत इथे आड येते. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला आपण डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शिअल इक्वेशन सगळं केलेलं असतं, म्हणून वाटतं की मुलांना हे जमायलाच हवं. पण बीसीत टेलर सिरीज (फलन अनंत बेरजेच्या रूपात मांडणं) आणि श्रेणी अभिसारी आहे की नाही हे ठरवायच्या कसोट्या आहेत, त्या आपल्या बारावीत नव्हत्या. शिवाय पेपरात नुसतं उत्तर चालत नाही, कारणही लिहावं लागतं. हे मुरायला वर्ष लागतं. शाळा ते वर्ष देते, कॉलेजात उन्हाळ्यात एक कोर्स सहा आठवड्यांतही संपतो.

आता क्रेडिट पक्कं कुठलं? यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बीसीला ३ किंवा जास्त आले की ८ क्वार्टर युनिट (तिमाही सत्रांच्या हिशेबाने) मिळतात. पण युनिट मिळणं वेगळं आणि तुमच्या शाखेचा सक्तीचा कोर्स सुटणं वेगळं. ते प्रत्येक कॅम्पस आणि विभाग आपापलं ठरवतो. कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसी किंवा सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कुठल्या कोर्सइतका धरला जातो, ते ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर कोर्स क्रमांकासकट दिसतं. इतकी स्पष्ट सोय असल्याने राज्याच्या विद्यापीठांतच जायचं असेल तर कॉलेजचा कोर्सही तितकाच भरवशाचा. राज्याबाहेर किंवा खाजगी विद्यापीठांत मात्र चित्र बदलतं. शाळेच्या पदवीसाठी मोजलेला कॉलेजचा कोर्स अनेक खाजगी विद्यापीठं पुन्हा धरत नाहीत. एमआयटी बीसीच्या ५ वर १८.०१ हा पहिला कॅल्क्युलस सोडते, एबीला (फक्त पहिल्या कॅल्क्युलसचा एपी कोर्स) काहीच देत नाही. कॅल्टेक तर एपीला क्रेडिटच देत नाही.

मुलीने अकरावीत बीसी केलं आणि बारावीत कम्युनिटी कॉलेजात लिनियर अल्जेब्रा घेतला. शाळेत तो विषयच नव्हता, त्यामुळे कॉलेजात जाण्याला अर्थ होता. पाया पक्का होता, आणि ए मिळाला यापेक्षा मला आनंद झाला तो ती रात्री जेवताना आपणहून मॅट्रिक्सबद्दल बोलायची याचा.

ठरवण्याआधी एक करा. लॉगॅरिदम, त्रिकोणमितीतल्या नित्यसमानता (आयडेंटिटी) आणि अपूर्णांकांचे बैजिक व्यवहार ती कॅल्क्युलेटरशिवाय न अडखळता करते का, ते एका रविवारी शांतपणे बसून बघा. आमचा मुलगा कॅल्क्युलसमध्ये कमी आणि या बीजगणितातच जास्त अडला होता. ते कच्चं असेल तर उन्हाळा त्यालाच द्या, कॉलेजच्या कोर्सला नाही. एपीच्या परीक्षेची नोंदणी शाळेत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते, मे जवळ आल्यावर नाही, तेवढं लक्षात ठेवा.

तिच्या शाळेत थेट बीसी घेता येतं, की आधी एबी करावंच लागतं? ते इथे लिहा. एबी सक्तीचं असेल तर माझं उत्तर थोडं बदलेल.