लाइट बिल चालत नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ऑगस्टमध्ये एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, डॅलसकडे जायचंय, बरोबर बायको आणि आठ वर्षांची मुलगी. टेक्सासात लोक घरात बंदूक ठेवतात असं ऐकलंय, तर दुकानातून घ्यायची झाली तर ओळखपत्र कोणतं लागतं, पत्त्याचा पुरावा काय चालतो, आणि मुळात एच-१बीवाल्याला ती मिळते का. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारावं तसं, ‘तिकडे एकटं वाटतं का?’

तीन दिवस हा प्रश्न मी तसाच ठेवला होता. उत्तर दहा ओळींचं आहे. पण त्या लिहायला बसलो की बाकीचं सगळं वर येतं. म्हणून आधी त्या दहा ओळी उरकतो.

एच-१बीवर बंदूक मिळत नाही. घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही चालत नाही. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि गोळ्या दोन्हींची बंदी, हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे टेक्सास कितीही मोकळं असलं तरी त्याने फरक पडत नाही. बायकोचा एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा, त्यातच येतो. अपवाद मोजके आहेत, त्यातला आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहायची परवानगी, आलं की ही बंदी उठते.

माझ्या ओळखीत असा परवाना काढलेले तिघे शाकाहारी आहेत. एक तर एकादशीसुद्धा चुकवत नाही. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तोही या एकादशीवाल्याने मन लावून केला. गंमत वेगळीच आहे. तिथला वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नवा काढायला विसरलात तर १ सप्टेंबरच्या सकाळी कपाटातली तीच बंदूक, तुम्ही बोट न लावताही, गुन्हा होते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि व्हिसाचं काय होईल ते वेगळं. दुकानदार हे सांगायला बांधील नाही आणि सांगतही नाही.

आणि ग्रीन कार्डवाल्या मित्राला ‘तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ असं म्हणू नका. आपल्याकडे भावाच्या नावावर गाडी घेतात तसला हा प्रकार नाही. खरेदीच्या फॉर्मवर सुरुवातीच्याच प्रश्नांत विचारतात, खरा घेणारा तूच ना. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो मित्राचा.

आता कबुली. आम्ही २०१३ मध्ये आलो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातले दोघं मला शूटिंग रेंजवर घेऊन गेले. मी एका कागदावर सही केली, भाड्याचं पिस्तूल घेतलं, चाळीसेक गोळ्या झाडल्या, भोकं पडलेला कागद घरी आणून फ्रिजवर लावला. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही ‘बाळगणं’ यातच धरतात, हे मला फार वर्षांनी कळलं. त्या रात्री उठून कागद फाडून टाकला. तोवर फ्रिजही दुसरा आला होता, पण कागद आम्ही जपून नव्या फ्रिजवर लावला होता. तेव्हा तुम्हाला कोणी पहिल्या महिन्यात ‘चल, मजा येईल’ म्हटलं तर हसून टाळा.

ओळखपत्र आणि पत्ता, या भागाबद्दल मला खरं तर बोलायचंय.

परवानाधारक दुकानदाराकडून घ्यायची तर फॉर्म ४४७३ भरावा लागतो. फॉर्म सरकारी साइटवर आहे, प्रश्न तिथेच वाचा, मी उतरवून काढत नाही. ओळखपत्र सरकारने दिलेलं, फोटो असलेलं हवं, आणि त्यावर नाव, जन्मतारीख आणि राहण्याचा पत्ता तिन्ही हवेत. म्हणजे व्यवहारात ड्रायव्हिंग लायसन्स. भारतीय पासपोर्टचा तिथे उपयोग नाही. पोस्टाची पेटी पत्ता म्हणून चालत नाही, प्रत्यक्ष राहता ती जागा लागते. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर जोडीला दुसरा सरकारी कागद दाखवता येतो: गाडीची नोंदणी, शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना, मालमत्ता कराचं बिल. कागद सरकारने दिलेला हवा. इथे आपली जन्माची सवय मोडते. टेक्सासात बहुतेक ठिकाणी वीज खासगी कंपनीकडून घ्यावी लागते, म्हणून लाइट बिल चालत नाही. बँकेचं स्टेटमेंट नाही, भाडेकरारही नाही. नगरपालिकेच्या पाण्याचं बिल मात्र सरकारी.

हे मला मे २०२३ मध्ये काउंटरवर उभं असताना कळलं.

त्या महिन्याच्या ६ तारखेला डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ जण गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर होती. आमच्या घरापासून तो मॉल पंधरा मिनिटांवर. मुलाचे शाळेचे बूट दर वर्षी तिथूनच घ्यायचो. ग्रीन कार्ड आदल्या वर्षी आलेलं होतं, म्हणजे बंदी उठलेली होती. पुढच्या शनिवारी कोणाला न सांगता मी दुकानात गेलो. काय विचार केला होता म्हणाल तर काही नाही. मॉलमध्ये माझ्याजवळ पिस्तूल असतं तर मी काय केलं असतं? मुलाला घेऊन पळालोच असतो. ते बिनपिस्तुलाचंही जमतं.

मार्चमध्ये आम्ही घर घेतलं होतं. टेक्सासात पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत लायसन्सवर बदलून घ्यायचा असतो, तो मी घेतला नव्हता. गाडीची नोंदणीही जुन्या अपार्टमेंटची. काउंटरमागच्या माणसाने लायसन्स पाहिलं आणि विचारलं, सध्या इथेच राहता? मी खरं सांगितलं. मग मी फोनवर एकेक कागद दाखवत गेलो आणि तो नम्रपणे मान हलवत गेला. शेवटी पाण्याचं बिल आठवलं. उघडलं तर ते बायकोच्या नावावर. नळजोडणीचा अर्ज तिने भरला होता. मी हसलो. मी का हसतोय म्हणून तो बघत राहिला.

हसू का आलं ते सांगायला दहा वर्षं मागे जावं लागेल. त्याचा बंदुकीशी संबंध नाही, पण तुमच्याबरोबर मुलगी येतेय.

आलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा. कंपनीने हॉटेलात ठेवलं होतं, आणि हॉटेलचा पत्ता शाळेला चालेना. धावपळ करून अपार्टमेंट घेतलं, भाडेकरार माझ्या एकट्याच्या नावावर, कारण सही करायला मी एकटाच गेलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मी क्लायंटकडे. बायको मुलाला आणि कागदांना घेऊन शाळेत गेली, तर करारावर तुमचं नाव नाही म्हणून परत पाठवलं. तिच्या पासपोर्टवर मधलं नाव माझं, पदवीवर तिच्या वडिलांचं. ही दोन्ही माणसं तुम्हीच कशावरून, असंही विचारलं. दुसऱ्यांदा गेली तर लाइट बिल हवं म्हणाले. त्यांना खासगी कंपनीचं लाइट बिल चालत होतं! अकरा दिवस पोरगं नवं दप्तर लावून घरात बसलं होतं.

प्रवेश मिळाला तेव्हा एक फॉर्म दिला, घरी कोणती भाषा बोलता. मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. त्या एका शब्दावरून त्याची परीक्षा घेतली. तो घाबरून बोललाच नाही, आणि त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या तासाला बसवलं. पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतून आलेलं पोर. मी भांडलो, पत्रं लिहिली, काही झालं नाही. मग मी काय केलं? घरात मराठी बंद केली. वर्षभर. त्या वर्गातून तो बाहेर पडला. आज सतराचा आहे, आजीशी फोनवर ‘मी बरी आहे, तू कसा आहेस’ असं बोलतो, आणि आजी त्याला सुधारत नाही, कारण तेवढं तरी बोलतोय.

शाळेवर मी अजून चिडतो. बंद मी केली हे बायको कधी बोलून दाखवत नाही.

पहिलीत असताना मुलगा एक दिवस घरी आला आणि म्हणाला, आज आम्ही अंधारात दप्तरांच्या मागे बसलो, आवाज करायचा नव्हता. लॉकडाउन ड्रिल, शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचा सराव. न्यूटाउनच्या शाळेत वीस लहान मुलं मारली गेली त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्याने विचारलं, ‘बाबा, शिंक आली तर?’ मी म्हटलं, नाक दाबून धरायचं. त्याने लगेच करून दाखवलं. तुमच्या मुलीच्या शाळेतही हे होईल. काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा, मी ठरवलं नव्हतं.

एकटं वाटतं का? वाटतं. मंडळाच्या गणपतीला जा, शनिवारी कोणाला तरी घरी बोलवा. पुढे.

तर काउंटर. नवं लायसन्स यायला तीन आठवडे लागले. जूनमध्ये पुन्हा गेलो. नाव लायसन्सवर आहे तसंच लिहायचं. मधलं नाव नसेल तर ‘नाही’ अशी खूणही ठरलेली आहे, रिकामी जागा सोडायची नाही. आपल्याकडे पासपोर्टावर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं आणि लायसन्सवर त्याची भलतीच फोड होते, तेव्हा सुरुवातीलाच लायसन्स काढताना नीट लक्ष द्या. नागरिकत्वाचा देश भारत, म्हणून ग्रीन कार्डावरचा नंबर. (शिकारीच्या परवान्यावर घेणाऱ्याला बहुधा आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीचा, नंबर द्यावा लागतो.) शहराच्या हद्दीत राहता की बाहेर, असाही एक चौकोन आहे. तिथे मी उगाच अडलो. आमची कॉलनी हद्दीत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पेन उचलून मी त्या माणसाकडे पाहिलं, जणू माझ्यापेक्षा तो सांगेल.

मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासतो. १९९८ पासून ही पद्धत आहे. बहुतेकांचं काही मिनिटांत होतं. माझं ‘डिलेड’ आलं. नकार नव्हे, थांबा. तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय आला नाही तर केंद्राचा कायदा दुकानदाराला विकायची मुभा देतो, पण विकायलाच हवं असं नाही. ते तीन दिवस मी जेवलोही धड नाही. कोणी माझ्या नावाचा कुठे काही करून बसलाय का, तो फ्रिजवरचा कागद कोणाला माहीत आहे का, असले विचार. आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती, माकडं हाकलायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. ते पिशवीत गुंडाळून एसटीने जायचे आणि पावती खिशात घालून परत यायचे. त्यांना कोणी पत्ता विचारल्याचं मला आठवत नाही. पोलीस पाटील समोरच्याच वाडीत राहायचा.

तिसऱ्या दिवशी परवानगी आली. पिस्तूल घरी आणलं, लोखंडी पेटीत ठेवलं. टेक्सासात सतराच्या आतल्या मुलाच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणं हाही गुन्हा आहे, पेटीशिवाय आणू नका. पेटी मावेल असं एकच कपाट होतं, त्यात आमचा देव्हारा होता. बायकोने काही न बोलता देव्हारा पॅन्ट्रीत हलवला. आईला मी अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, देव तिकडे का गेले, तर म्हटलं तिथे उजेड बरा येतो.

तुमचं सांगायचं तर, पहिली दोन वर्षं या भानगडीत पडू नका. क्लायंट बदलला की राज्य बदलतं. पिस्तूल राहत्या राज्यातल्याच दुकानदाराकडून घेता येतं, आणि न्यू जर्सीसारख्या ठिकाणी दुकानाआधी पोलिसांकडून वेगळा परवाना काढावा लागतो. घर बदललं की त्याच आठवड्यात लायसन्सवरचा पत्ता बदला, बंदूक घ्यायची नसली तरी.

आणि अपार्टमेंटच्या करारावर सही करायला जाल तेव्हा बायकोला बरोबर घेऊन जा. दोघांची नावं घाला, पासपोर्टवर आहेत तशीच, मधल्या नावासकट. पाण्याचा अर्ज ती भरेल, तर त्यावर तुमचंही नाव येतंय का ते विचारा.