स्पॅनिश रेडिओवर कोणतं गाणं कधी लागतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. इथे गाडीत ९७.९ लावलं की साल्सा आणि बचाता ऐकू येतं. कामानिमित्त लॉस एंजेलिसला गेले, तर तिथेही ९७.९ वर स्पॅनिश स्टेशनच होतं, पण त्यावर नुसतं अकॉर्डियन आणि ट्रम्पेट. भाषा एकच, मग इतका फरक का?

तुम्ही ऐकलेली दोन्ही स्टेशनं एकाच कंपनीची आहेत. न्यूयॉर्कचं 'मेगा' आणि लॉस एंजेलिसचं 'ला रासा' ही दोन्ही स्पॅनिश ब्रॉडकास्टिंग सिस्टिमच्या मालकीची. मालक तोच, फ्रिक्वेन्सीही तीच. वेगळे आहेत ते श्रोते. न्यूयॉर्क परिसरातली स्पॅनिश बोलणारी कुटुंबं प्रामुख्याने पुएर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून आली. साल्सा, मेरेंगे, बचाता हे त्यांच्या घरातलं संगीत. स्टेशनाने ठरवलेल्या संगीताच्या ठरावीक प्रकाराला रेडिओच्या धंद्यात 'फॉरमॅट' म्हणतात आणि या फॉरमॅटला 'ट्रॉपिकल'. लॉस एंजेलिसमधली बहुसंख्य कुटुंबं मेक्सिकोतली, म्हणून तिथे 'रीजनल मेक्सिकन'.

'स्पॅनिश' हा फॉरमॅट नव्हेच. मराठी आणि पंजाबी श्रोत्यांना 'भारतीय संगीत' असं एकच स्टेशन देऊन भागत नाही, तसंच हे. अमेरिकेत स्पॅनिश स्टेशनाचा फॉरमॅट ठरवताना तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्या लागतात : कुटुंब कुठून आलं, ऐकणारी पिढी कितवी, आणि घरात फक्त स्पॅनिश चालते की इंग्रजीही. तिन्ही उत्तरं मिळाली की बाकीचे फॉरमॅट आपोआप वेगळे होतात. प्रेमगीतं आणि पॉप वाजवणारं 'स्पॅनिश कंटेम्पररी', रेगेटन आणि ट्रॅप या हिपहॉपच्या जवळच्या नाचऱ्या, तरुण संगीताचं 'लॅटिन अर्बन', ऐंशी-नव्वदच्या दशकांतली गाणी निवेदकाशिवाय सलग लावणारं 'अडल्ट हिट्स', शिवाय बातम्या-चर्चा आणि ख्रिस्ती भक्तिसंगीत.

हा क्रम किती महत्त्वाचा आहे, ते १९९२ मध्ये दिसलं. आज 'ला रासा' म्हणवणाऱ्या स्टेशनाने (तेव्हाचं नाव 'ला एकिस') त्या वर्षी मेक्सिकोची बांदा (पितळी वाद्यांच्या ताफ्याचं संगीत) आणि रांचेरा (पारंपरिक ग्रामीण गाणी) वाजवायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत ते लॉस एंजेलिसमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथल्या सगळ्या इंग्रजी स्टेशनांच्याही पुढे. पिढी बदलली की काय होतं, याचं उदाहरण ह्यूस्टनचं. २००४ मध्ये तिथलं केएलओएल हे जुनं रॉक स्टेशन एका रात्रीत 'मेगा १०१' झालं आणि अमेरिकेत वाढलेल्या तरुणांसाठी रेगेटन आणि हिपहॉप वाजवू लागलं. त्याचे निवेदक एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलत, कारण श्रोतेही तसेच बोलत.

प्रश्न : पुण्यात स्पॅनिश शिकतोय. 'रीजनल मेक्सिकन' स्टेशनं इंटरनेटवर ऐकतो, पण सगळं सारखंच वाटतं. काय ऐकावं म्हणजे फरक कळेल?

आधी खालचा सूर, म्हणजे बेस कोण वाजवतंय ते ऐका. सर्वांत लवकर उत्तर तिथे मिळतं. तुबा किंवा सूसाफोन या मोठ्या पितळी वाद्यांचा फुगीर सूर, वर सनया-तुताऱ्यांसारखा क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा ताफा, आणि 'तांबोरा' नावाचा मोठा ढोल असेल तर ती सिनालोआ राज्याची बांदा. बेस गिटार किंवा 'तोलोलोचे' (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य), त्यावर अकॉर्डियन आणि बारा तारांचं 'बाखो सेक्स्तो' असेल तर नोर्तेन्यो. हे मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरचं संगीत आणि टेक्सासमध्ये त्याला मोठा मान. व्हायोलिनं, ट्रम्पेट आणि पोटफुगं 'गितार्रोन' म्हणजे मारियाची. ढोल-ड्रम नाहीत आणि गिटारींबरोबर तुबा किंवा बेस वाजतोय, तर बहुधा सिएर्रेन्यो. अलीकडचे 'कोर्रिदोस तुंबादोस' (हिपहॉपच्या ढंगातली कथागीतं) याच वाटेने आले.

मग टाळी धरून मात्रा मोजा. दोनाच्या लयीत उड्या मारत जाणारी पोल्का, की तिनात झुलणारा 'वाल्स'? स्टेशनाचा संगीत संयोजक प्रत्येक गाण्यावर ही खूण करून ठेवतो. तिनाच्या लयीची तीन गाणी ओळीने आली की तास बसून जातो.

भाषा शिकायची म्हणून ऐकत असाल तर कोर्रिदो निवडा. तो आपल्या पोवाड्याच्या जवळचा आहे : माणूस, गाव, प्रसंग, कधी कधी तारीखसुद्धा, सगळं क्रमाने सांगतो. ओळी साधारण आठ अक्षरावयवांच्या आणि उच्चार मोकळे असतात. सकाळच्या कार्यक्रमातल्या निवेदकांपासून मात्र सुरुवात करू नका. ते भरभर बोलतात, एकमेकांचं बोलणं तोडतात आणि त्यांचे विनोद दुहेरी अर्थाचे असतात.

प्रश्न : कोल्हापुरात आम्ही मित्र मिळून छोटा इंटरनेट रेडिओ चालवतो. सॉफ्टवेअर लावलं, तरी तीच गाणी रोज त्याच वेळेला येतात. मोठी स्पॅनिश स्टेशनं हे कसं टाळतात?

याचं मूळ तुमच्या गाण्यांच्या संख्येत आहे. सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही.

मोठ्या स्टेशनांवर गाण्यांचे गट असतात : सर्वांत गाजणारी 'पॉवर', चढती, उतरती आणि जुनी. तासाचं एक 'क्लॉक' आखलेलं असतं आणि त्यात कोणत्या जागी कोणत्या गटातलं गाणं लागेल ते ठरलेलं असतं. समजा, पॉवर गटात ६ गाणी आहेत आणि तासाला त्यातली ३ लागतात. म्हणजे दिवसाच्या ७२ जागा. ७२ ला ६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक गाणं दर २ तासांनी, रोज त्याच ठोक्याला येणार. सकाळी ९ ला ऑफिसला निघणाऱ्याच्या कानावर कायम तेच गाणं पडेल. आता गटात ७ गाणी करा. ७२ भागिले ७ केलं की बाकी २ उरते, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळा क्रम दोन जागांनी सरकतो. फेरा होतो २ तास २० मिनिटांचा आणि तक्रार मिटते. प्रत्येक गटाचा हा भागाकार कागदावर करून पाहा. बाकी शून्य आली तर एक गाणं वाढवा किंवा कमी करा.

तासात किती गाणी बसतात, हेही फॉरमॅटवर ठरतं. जाहिराती ११ मिनिटं, बोलणं आणि जिंगल ३ मिनिटं धरली तर संगीताला ४६ मिनिटं उरतात. नोर्तेन्यो किंवा बांदाचं गाणं सरासरी ३ मिनिटं १० सेकंदांचं धरा, १४ बसतील. साल्सात शेवटी 'मोंतुनो'चा, म्हणजे गायक आणि कोरसच्या सवाल-जवाबाचा लांब भाग असतो, गाणं सहज ४ मिनिटं ४० सेकंदांवर जातं, मग जेमतेम ९. म्हणून मेक्सिकन स्टेशनाचं क्लॉक उचलून ट्रॉपिकलला लावलं की दर तासाला शेवटची चार-पाच गाणी गळतात. नेमकी जुनी गाणी त्या जागांवर ठेवलेली असतील तर ती दिवसचे दिवस वाजतच नाहीत आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या भावगीतांची आणि लावण्यांची लांबी अशीच वेगवेगळी असेल. आधी गटवार सरासरी काढा, मग क्लॉक आखा.

प्रश्न : सॅन होजेत एका सामुदायिक स्टेशनावर स्वयंसेवक आहे. आमच्याकडे एकच गाणं आधी बांदात, मग अर्ध्या तासात मारियाचीत लागतं. कलाकारांचं अंतर तर ठेवलंय. चूक कुठे?

अंतर तुम्ही कलाकाराला लावलंय, गाण्याला लावलेलं नाही. मेक्सिकन संगीतात चाललेलं गाणं बांदा, नोर्तेन्यो, मारियाची सगळेच ध्वनिमुद्रित करतात. प्रत्येक फाइलला 'मूळ गाणं' असा वेगळा रकाना द्या आणि सगळ्या आवृत्त्यांत तिथे एकच ओळख लिहा. दोन आवृत्त्यांत निदान ६ तास ठेवा.

कलाकाराच्या रकान्यात एकच नाव लिहिणं हीसुद्धा चूक. मार्को आंतोनियो सोलीस पूर्वी 'लोस बुकिस'चे गायक होते, रोमेओ सांतोस 'आवेंतुरा'चे. श्रोत्याला आवाज तोच ऐकू येतो, म्हणून गायक आणि गट एकमेकांशी जोडा. गाण्यात सोबतीला गाणारे पाहुणेही नोंदवा. मी एकाच कलाकाराला ७५ ते ९० मिनिटं आणि जोडलेल्या नावांना ४५ मिनिटं अंतर देईन. नावं लिहिताना 'लोस', 'ला', 'एल' हे शब्द सुरुवातीला घ्यायचे की शेवटी, ते एकदा ठरवा. नाहीतर 'लोस तिग्रेस देल नोर्ते' दोन ठिकाणी दोन प्रकारे नोंदले जातात आणि सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळे गट समजतं.

नियम मात्र गाण्यांना पेलतील इतकेच ठेवा. वरच्या ७ पॉवर गाण्यांतली ३ एकाच गायकाची असली, तर १४० मिनिटांच्या फेऱ्यात तो सरासरी ४७ मिनिटांनी येणारच. तिथे ९० मिनिटांचा नियम लावला की सॉफ्टवेअर जागा रिकामी सोडतं आणि घाईत कोणीतरी हाताने काहीही भरतं. अशा वेळी त्या गायकाचं एक गाणं खालच्या गटात हलवावं.

तुम्ही श्रोत्यांना गाण्यांचे तुकडे ऐकवून पसंती विचारत असाल, तर एक सूचना. इतर गाण्यांत धृपदाचे सात ते दहा सेकंद पुरतात. कोर्रिदोला सहसा धृपद नसतं. मधलाच तुकडा कापला तर ओळखीचं गाणंही 'माहीत नाही'मध्ये जातं. तिथे पहिली ओळ किंवा सुरुवातीची अकॉर्डियनची सुरावट द्या.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये स्टेशन बदलावं तर सगळीकडे एकाच वेळी जाहिराती. हे ठरवून करतात का?

संगनमत नाही, पण सगळ्यांचं गणित एकच आहे. मोठ्या शहरांत श्रोते मोजणारी नील्सन कंपनी निवडक लोकांना अंगावर बाळगायचं छोटं यंत्र देते. स्टेशनाच्या आवाजात मिसळलेला, कानाला न कळणारा संकेत ते टिपतं. तासाची चार पाव भागांत वाटणी असते : ०० ते १५, १५ ते ३० आणि पुढे. एका पावात ५ मिनिटं ऐकलं की पूर्ण पाव तास स्टेशनाच्या खात्यात जमा होत असे. २०२५ पासून ३ मिनिटं पुरतात. म्हणून पाव तास संपता-सुरू होताना सहसा कोणी जाहिराती लावत नाही. ४५ ते ५० गाणी दिली, चौथा पाव मिळाला; मग ५० ते ५६ जाहिराती, आणि ५६ ला जोरदार गाणं, म्हणजे श्रोता नवा तास ओलांडेपर्यंत थांबतो. हेच गणित सगळ्यांनी केलं की तुम्हाला सगळीकडे जाहिरातीच मिळतात.

स्पॅनिश स्टेशनांसाठी या मोजणीत एक नाजूक जागा आहे. यंत्र बाळगणाऱ्यांत मुख्यतः स्पॅनिश बोलणारी कुटुंबं योग्य प्रमाणात हवीत. त्यातली थोडी जरी गळाली तरी स्टेशनाचे आकडे कोसळतात आणि जाहिरातींचे दरही. ही पद्धत आली तेव्हा यावरूनच मोठा वाद झाला. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) तेव्हाच्या मापन कंपनीवर, आर्बिट्रॉनवर, दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. स्टेशनवाल्यांची ती तक्रार रास्त होती, असं माझं मत आहे.

प्रश्न : माद्रिदमध्ये शिकतो. 'लोस ४०'वर अर्धी गाणी इंग्रजी. मग स्पॅनिश कुठे ऐकू?

'लोस ४०' १९६६ मध्ये एका कार्यक्रमाच्या रूपात सुरू झालं आणि १९७९ पासून चोवीस तासांचं झालं. गाजतंय ते वाजवायचं, भाषा कोणतीही, हे त्याचं सूत्र आहे. त्याच समूहाचं 'कादेना दियाल' फक्त स्पॅनिश गाणी लावतं. कोप्ला आणि रुंबा ही स्पेनची पारंपरिक ढंगाची गाणी हवी असतील तर 'रादियोले'.

प्रश्न : इंटरनेटवर मेक्सिकोची स्टेशनं ऐकतो. भारतात सकाळी साडेअकराला गाणं थांबून राष्ट्रगीत लागतं. हे सगळीकडे असतं?

हो. मेक्सिकोत तसा कायदाच आहे : स्टेशनांनी सकाळी ६ आणि मध्यरात्री १२ ला राष्ट्रगीत लावायचं. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, म्हणून तुम्हाला ते सकाळी ११.३० आणि संध्याकाळी ५.३० ला मिळतं. सोमवारी सकाळी साडेनऊला तर मेक्सिको सिटीचं कोणतंही स्टेशन लावा, एकच कार्यक्रम चालू असेल. ती रविवारी रात्री १० ची 'ला ओरा नासियोनाल', १९३७ पासूनचा सरकारी कार्यक्रम.

प्रश्न : डलासमध्ये लो-पॉवर एफएमचं तांत्रिक काम बघतो. गाडीच्या पडद्यावर गाण्याच्या नावातलं 'एन्ये' (ñ) अक्षर बिघडतं.

संगणक ते युनिकोडमध्ये दोन बाइट करून पाठवतो आणि आरडीएस, म्हणजे एफएमबरोबर पडद्यावर मजकूर पाठवणारी यंत्रणा, त्याची दोन वेगळी अक्षरं दाखवतं. आरडीएसचा अक्षरतक्ता स्वतंत्र आहे. त्यात लहान एन्ये १५४ वर, मोठं १३८ वर. एन्कोडरला पाठवण्याआधी रूपांतर करणारी पायरी घाला. लॅटिन-१ या संगणकी अक्षरतक्त्यातला एन्येचा २४१ हा क्रमांक तसाच पाठवला तरी भलतंच अक्षर येईल. एन्येच्या जागी साधा 'एन' घालून वेळ मारून नेऊ नका. 'वर्ष' या अर्थाचा शब्द त्याने अश्लील होतो. स्टेशनाच्या नावाला ८ आणि मजकुराला ६४ अक्षरंच मिळतात, म्हणून आधी गायक, मग गाणं, असा क्रम ठेवा आणि बदल केल्यावर दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत तपासा. काही जुने रेडिओ हा तक्ता पूर्ण वाचतच नाहीत. तिथे दोष तुमच्या बाजूचा नसतो.