पिकअपमध्ये फ्रीझर चालवायला सोलर आणि बॅटरी बसवायची आहे. पॅनल किती वॅटचं, बॅटरी किती अँपिअरची आणि खर्च किती?

गाडी दुपारी कुठे उभी असते ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

आमचे दाजी मंगळवेढा-सांगोला भागातल्या आठवडी बाजारांत बोलेरो पिकअपमधून लस्सी, मठ्ठा, कुल्फी विकतात. मी बॅटरी-वायरिंगचंच काम करतो, पण घरच्याचं ऐकतो कोण? त्यांनी सोलरच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं टपावर ५४० वॅटचं पॅनल चढवलं आणि 'रोज अडीच युनिट, डोळे झाकून' असं सांगून मोकळा झाला. घराच्या छतावर, कडक उन्हाळ्यात मिळतीलही. पण कुल्फीची गाडी उन्हात उभी कोण करतं? दाजी बाजारात पोचले की आधी लिंबाचं झाड शोधतात. गिऱ्हाईक सावलीला थांबतं, फ्रीझरवरचा ताणही कमी होतो. इकडे पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी तिसरा हिस्सा वीज जाऊ शकते. अख्खं पॅनल झाडाखाली आल्यावर काय उरणार?

यावर दाजींचा उपाय काय, तर अजून एक पॅनल! मी म्हटलं, अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून, डीसी-टू-डीसी चार्जर घाला; तो ती वीज मोजून-मापून फ्रीझरच्या बॅटरीत भरतो. "डिझेल जाळूनच वीज करायची तर सोलर कशाला?" हे त्यांचं वाक्य मी बहिणीकडे दर सणाला ऐकतो. उत्तर इथं देतो, भाचा वाचून दाखवेल. ३० अँपिअरचा चार्जर साधारण ४०० वॅट देतो. त्याला तासाला पाव लिटरच्या आत डिझेल जास्त लागतं. गाडी बाजाराला जाणारच असते. जाऊन-येऊन दोन तासांत पाऊण युनिट बॅटरीत पडतं, आभाळ असो की झाड. शेवटी बहिणीनं तो बसवून घ्यायला लावला. आता पावसाळ्यातही कुल्फी टिकते, आणि दाजी श्रेय पॅनलला देतात.

तुमचं बघू. २०० लिटरचा फ्रीझर, सारखी उघडझाप, म्हणजे दिवसाला दीड-दोन युनिट धरा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर. अडीच युनिट साठतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर, म्हणजे ॲसिडची बॅटरी, गाडीत नको. ती निम्मीच वापरायची असते, वजन पन्नास-साठ किलो, वर खड्ड्यांत ॲसिड हिंदकळतं. पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, तो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीजोगं करून देतो. ५४० वॅटच्या पॅनलचं मोकळं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज ४९-५० असतं. त्यावर पीडब्ल्यूएम हा साधा कंट्रोलर लावला की तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, म्हणजे १३ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, पावणेदोनशे वॅटसुद्धा हाती येत नाहीत. दाजींच्या गळ्यात आधी तोच मारला होता.

१००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण लोडला ९० अँपिअरच्या आसपास ओढतो. तिथं ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. यात काटकसर करणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइटसारखी वीज देणारा. आणि लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

आता, जुन्या गाडीचा अल्टरनेटर लहान असेल तर ३० नको, २० अँपिअरचा चार्जर लावा. गाडी दिवसभर माळावर उन्हात राहणार असेल तर मात्र दाजींचं म्हणणं बरोबर, पॅनलच वाढवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे टपावर सांगाडा वेल्ड करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

खर्च दुकानागणिक बदलतो, दोन-तीन कोटेशन घ्या. बॅटरीचा बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) किती अँपिअरचा ते बिलावर लिहून घ्या. १०० च्या खालचा असला तर कॉम्प्रेसर सुरू होतानाच सगळं बंद पडू शकतं.