पहिला स्ट्रीमर आणि डॅक: दोन डबे की एकच?
भाऊ, जळगावात घरी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, मग पहिला स्ट्रीमर-डॅक कोणता, असं तुम्ही विचारलंय. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून गाणी घेणारा डबा, आणि डॅक म्हणजे त्या डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करून देणारा. माझं ऐकाल तर आधी एकच डबा घ्या. वीम प्रोसारख्या स्ट्रीमरमध्ये डॅक आतच असतो. लाल-पांढरी आरसीए वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला लावली की गाणं सुरू. वेगळा डॅक पुढे कधीही जोडता येतो, आणि जोडाल तेव्हा ऑप्टिकल केबलनं जोडा.

भुसावळला माझ्याकडे लॅपटॉप यूएसबीनं डॅकला लावला होता. तबल्यामागे सतत बारीक घूंऽऽ. डॅक विकायलाच निघालो होतो, तेवढ्यात सहज चार्जर उपटला आणि घूं बंद! अर्थिंगचा घोळ. ऑप्टिकलमधून फक्त उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे अर्थिंगमधून घूं येण्याची वाट बंदच होते.

डॅकवरच्या ७६८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ते) वगैरे आकड्यांना भुलू नका. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचीच असते आणि ती कुणाला कमी पडली? वाचलेले पैसे स्पीकरला ठेवा.

आणि हो, आपल्याकडचा मे महिना बघता डबा तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. राउटर जवळ असेल तर वाय-फायऐवजी लॅनची वायरच ओढा.