मेडिकलवाल्याकडून काय घ्यावं, काय नाही

औषधांच्या दुकानांबद्दल इंदूरकरांचे तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : जन औषधी केंद्रातली गोळी स्वस्त, म्हणजे कमी ताकदीची का? (सुदामा नगर)

नाही. घटक तोच, मिलिग्रॅम तेवढेच. चालू गोळी बदलताना मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : चिठ्ठी दाखवली तरी दुकानदार माझं नाव वहीत लिहून घेतो. कशासाठी?

तो कायदा पाळतोय. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मधल्या, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या सरकारी यादीतल्या औषधांची अशी नोंद ठेवावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. जो लिहून घेत नाही, त्याला जाब विचारा.

प्रश्न : यजमानांना तीन आठवडे खोकला आहे. राजवाड्याजवळून दोनदा अँटिबायोटिक आणलं. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शेजारीण म्हणते, दवा बाजारातून जास्त पॉवरची आणा. आणू का? (लोकमान्य नगर)

मुळीच नको, ताई! तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्ट्रिपचा कापलेला तुकडा आहे : दोन गोळ्या, मागे लाल रेघ, नाव अर्धंच, ‘...फ्लोक्सासिन’. एक्सपायरी दुसऱ्या तुकड्यावर राहिली. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घ्यायचं नाही. इतके दिवसांचा खोकला क्षयाचाही असू शकतो, आणि लिव्होफ्लोक्सासिनसारखी गोळी क्षयाच्या जंतूंना तात्पुरतं दाबते. माणसाला बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पुढे हीच गोळी लागते. ती खोकल्यापायी वाया घालवायची?

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली, मुंबई आणि पाटण्याच्या 622 दुकानांत रुग्ण म्हणून माणसं पाठवली होती. नुसता खोकला-ताप सांगणाऱ्याला योग्य वागणूक, म्हणजे अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवणं, मिळाली 13 टक्के वेळा. 37 टक्के वेळा अँटिबायोटिक हातावर ठेवलं. क्षयाचा रिपोर्ट दाखवला, तेव्हा योग्य वागणुकीचं प्रमाण 62 टक्क्यांवर गेलं. आणि क्षयाची मुख्य औषधं चिठ्ठीविना कुणीच दिली नाहीत, हे दुकानदारांच्या बाजूने सांगायलाच हवं. म्हणजे कळतं त्यांना. मग खोकला किती दिवसांचा, हे गल्ल्यावरच का विचारत नाहीत? आजारी माणूस आधी त्यांच्याच पायरीवर येतो हो!

दोन आठवड्यांच्या वरचा खोकला तपासलाच पाहिजे. उद्याच यजमानांना सरकारी दवाखान्यात न्या. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. आणलेल्या गोळ्यांचे तुकडेही डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दुकानापुढे फुकट शुगर तपासली, 190 आली. लगेच बाराशेची पावडर गळ्यात मारली. घ्यावी का?

पावडर परत करा. बोटाच्या एका थेंबावर मधुमेह ठरत नाही. लॅबमध्ये उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करून डॉक्टरांना भेटा. दुकानांनी शुगर मोजावी, बीपीही मोजावं, मला हवंच आहे ते. पण आकडा कागदावर लिहून द्यावा आणि माणसाला डॉक्टरांकडे पाठवावं, डबा विकू नये.