अनुदानाची यादी आणि एपीके फाईल

प्रश्न : गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अतिवृष्टी अनुदान यादी’ नावाची एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून थेट अ‍ॅप टाकणारी फाईल) आली. वडिलांनी ती इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगीही दिली. आता काय करावं?
— एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : आधी डेटा आणि वायफाय बंद करा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. एसएमएसची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो, म्हणून ही घाई. साध्या फोनवरून ##००२# डायल करा. कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) लावलं असेल तर ते निघेल. मग बँकेला सांगून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. बँकेला लेखी तक्रार ३ कामकाजाच्या दिवसांत द्याच; उशीर झाला की नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकतं.

अ‍ॅप निघत नाही, ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसतं? सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधून त्यातल्या या अ‍ॅपपुढची खूण काढा, मग निघेल. तरीही शंका वाटली तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसलं जाईल. ग्रुपवरही कळवा, कारण अशी फाईल पुढे आपोआप जाऊ शकते.

खरी यादी तलाठ्याकडे विचारा. ई-केवायसीसाठी (आधारवरून ओळख पडताळणीसाठी) आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, एपीके लागत नाही.